सहावी बाटली

वैद्यबुवांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. वरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला मी त्यांच्या ओसरीवर उभा होतो. हातात ट्रंक, डोक्यावर चांद्याचं मे महिन्याचं ऊन, डोळ्यांपुढे काजवे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "जीभ दाखव."

मी दाखवली. नाही म्हणण्याइतका जीवच अंगात नव्हता.

"सकाळी भजे खाल्ले. स्टेशनवरचे. पित्त हाय, पन मानूस झगडालू नाई. ऱ्हाय वरतं."

अशी मला खोली मिळाली. पुढे कळलं की ही काही माझी खास परीक्षा नव्हती. पोस्टमन चिठ्ठी द्यायला आला तरी आधी जीभ, मग चिठ्ठी. एकदा आमच्या गल्लीतून वरात चालली होती. वैद्यबुवांनी घोड्यावरच्या नवरदेवाची जीभ पाहिली, वरात मारुतीच्या देवळापाशी थांबवली, त्याला अर्धं लिंबू चोखायला लावलं आणि मगच पुढे सोडलं. वाजंत्रीवाले तोवर बिड्या ओढत उभे. कोणी चिडलं नाही, कारण वैद्यबुवांवर चिडायची आमच्या गल्लीत पद्धतच नव्हती.

त्यांची स्वतःची जीभ मात्र कोणी पाहिली नव्हती. "वैद्याले आपली जीभ दिसत नाई बाबू, तेच त्याचं दुखनं," असं ते म्हणत. मी नवा नवा शहाणा. म्हटलं, "आरशात पाहा की!"

"आरसा डाव्याचं उजवं करते. त्याचा काऊन भरोसा ठेवू?"

मला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. मी हसलो. तेव्हा मी पुष्कळ गोष्टींना हसत असे.

नोकरी माझी अबकारी खात्यात, कारकुनाची. घरून निघताना आईने देवापुढे बसवून शपथ घ्यायला लावली होती, की बाबा, दारूच्या खात्यात चाललास, पण थेंब तोंडात घेऊ नकोस. मी ती शपथ पाळली. नुसती पाळली असती तर ठीक होतं, पण भेटेल त्याला मी ते सांगत सुटे. पानाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, तहसिलीत, कोणी न विचारता. निर्व्यसनी माणूस शेजारी असणं हा केवढा ताप आहे, हे मला फार उशिरा समजलं. गल्लीला मात्र आठवडाभरातच समजलं असावं.

वैद्यबुवांचा मोठेपणा होता आसवांत. मागच्या खोलीत धानाची रास असे आणि त्या राशीत मोठ्या बरण्या गळ्यापर्यंत पुरलेल्या. आत गूळ, पाणी, एखादं फळ नाहीतर फूल, आणि जंगलातून आणलेली धायटीची लाल फुलं. तोंडाला फडकं, फडक्यावर माती. महिनाभर त्या बरण्या तशाच राहत आणि वैद्यबुवा रोज सकाळी एकेका बरणीला कान लावून बसत. आतून बुडबुड ऐकू आली की त्यांचा चेहरा खुले. "बोलून राह्यली," म्हणत. मी खाली आलो की मलाही कान लावायला लावत. मला फक्त धान टोचायचं, पण मी मान डोलवी.

धायटीची आणि मोहाची फुलं आणायची गडचिरोलीकडच्या एका जंगलगावची बाई. बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन येई. वैद्यबुवा तिला दरवेळी वाटीभर आसव देत, चव सांग म्हणून. एकदा मी हजर होतो. तिने वाटी रिकामी केली, ओठ पुसले आणि हसून म्हणाली, "दादा, हे तं आमच्याच घरचं हाय. तुमी फक्त त्याले टोपी घातली."

मी तिला तिथल्या तिथे औषध आणि दारू यांतला फरक समजावून दिला. चांगलं लांबलचक बोललो. बोलताना माझ्याही हातात वाटी होती. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग वैद्यबुवांना म्हणाली, "याले अजून थोडं द्या." त्यांनी दिलं.

आता सणाच्या खोक्याबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्या खोक्याचीच आहे.

वैद्यबुवांचं एक ठाम मत होतं. "सनाच्या जेवनानं जेवढे लोक मेले, तेवढे या जंगलात वाघानं नाई खाल्ले." माणूस भुकेने मरत नाही, दुसऱ्या वाढपाने मरतो, असं ते म्हणत. म्हणून दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी आली की ते गल्लीतल्या घराघरांत एकेक खोकं पाठवत. रॉकेलच्या डब्यांची लाकडी खोकी ते विकत घेत, आत सागाच्या पट्ट्या ठोकून सहा खण करत, खणात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरत आणि प्रत्येक खणात एक बाटली. सहा बाटल्या, सहा आसवं, आणि प्रत्येकीची जेवणातली वेळ ठरलेली.

पहिली आवळ्याची, पान वाढण्याआधी, भूक जागी करायला. दुसरी जांभळाची, वडाभाताबरोबर. ती तेलाला आवरते. तिसरी मोहफुलांची, फक्त पुरणपोळीबरोबर. ती वैद्यबुवांची लाडकी. तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली येई. चौथी काळ्या मनुकांची, ती जावई आणि व्याही यांच्यासाठी राखून ठेवायची. "जावाई पहिल्या वाटीले हसाले लागते, दुसऱ्या वाटीले मानपान इसरते." पाचवी बेलफळाची, पानं उचलल्यावर.

आणि सहावी कोरफडीची. काळीभोर, दाट, आणि इतकी कडू, की चमचाभर घेतल्यावर माणूस थोडा वेळ देवाचंही नाव घेत नसे. ही न हलणाऱ्या पाहुण्यासाठी. "हे पाजलं का पाहुना सकाळची गाडी पकडते." समोरच्या घरी अक्का राहत. साऱ्या गल्लीच्या त्या अक्का, मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. त्यांच्या नणंदेचा नवरा एकदा दिवाळीला येऊन तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला होता. दोन चमच्यांत बल्लारशाला पोचला.

खोकी वाटायला वैद्यबुवांबरोबर मीही जात असे. मी एकटा जीव, सणाला रजा मिळत नसे, घरी जाणं व्हायचं नाही. खोकं उचलणारा माणूस म्हणून माझी प्रत्येक घरी सोय व्हायची. खोकी द्यायची सणाच्या आदल्या दिवशी. पण खरं काम सणाच्या दिवशी असे. पानं मांडली जायच्या वेळेला बरोबर वैद्यबुवा छत्री घेऊन दारात उभे.

"मी फक्त पाहाले आलो. बाटल्या बराबर क्रमानं घेऊन राह्यले का नाई. बसत नाई."

"बसा न वैद्यभाऊ."

"नाई नाई. काम हाय मले."

"असं कसं? पान मांडलं तुमचं."

"नाई म्हनलं न."

"बसा आता, अन्न थंडं होऊन राह्यलं."

"बरं, तुमी एवढं म्हनता तं घासभर."

दोनदा नाही आणि तिसऱ्यांदा हो. प्रत्येक घरी हेच, शब्दन् शब्द हाच. मग बसत आणि बसल्या जागेवरून सगळ्या पंगतीवर लक्ष ठेवत. "भाऊ, तिसरी आता नाई, पोळी आली का मंग. ए बाई, लेकरायले चौथी देऊ नोको." एका घरी वडा, दुसऱ्या घरी पोळी, तिसऱ्या घरी कोथिंबिरीची सांबारवडी. त्यांची बायको फार लवकर वारली होती, मूल नव्हतं. एरवी ते स्वतःपुरती खिचडी टाकत. पण मी तेव्हा हे सगळं एकत्र जोडून पाहिलं नाही. मला वाटे, काय ही म्हाताऱ्याची औषधावरची निष्ठा! आणि मी माझी तिसरी वाटी पुढे करी.

हो, मी घेत होतो. घोटाघोटाने नाही, चांगला मापाने घेत होतो. औषध म्हटल्यावर संकोच कसला? जांभळाचं पचनाला, आवळ्याचं डोळ्यांना, मोहाचं सर्वांगाला. आईला पत्रात कळवलं की प्रकृती सुधारली आहे. एका गणेशोत्सवात गल्लीने मला भाषणाला उभं केलं. विषय मीच निवडला: 'दारू, संसाराची होळी'. घसा बसला होता म्हणून वैद्यबुवांनी आधी चौथ्या बाटलीतल्या तीन वाट्या दिल्या. त्या दिवशी मी जे बोललो, तसं आयुष्यात पुन्हा बोललो नाही. लोक रडले. मीही रडलो. शेवटी मी दारू पिणाऱ्यांनाही मिठी मारायला निघालो होतो, तेव्हा अक्कांनी मला खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी डोकं जड झालं, ते मी श्रोत्यांच्या प्रेमाचा परिणाम म्हणून सोडून दिलं.

मग आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबईच्या राज्यात गेला. नागपूरची राजधानी गेली आणि दारूबंदीचं वारं सुटलं. आमच्या कचेरीत तिकडून नवे साहेब आले. सडपातळ, सभ्य, बोलणं मोजकं. त्यांनी एका सकाळी मला बोलावून विचारलं, "तुमच्या घरमालकांची आसवं फार प्रसिद्ध आहेत म्हणे?"

मी अभिमानाने सहाही बाटल्यांचं वर्णन केलं. वड्याबरोबर कोणती, पोळीबरोबर कोणती. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "आसवात मद्य आपोआप तयार होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. खात्यात आहात."

मला ठाऊक नव्हतं! खात्यात होतो आणि ठाऊक नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून माझी सगळी भाषणं, आईला लिहिलेली सगळी पत्रं आणि ती जंगलगावची बाई असं सगळं सरकलं. 'याले अजून थोडं द्या.' बोंबला!

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. दुखण्यासाठी घेतात ते औषध, जेवणाबरोबर मजेनं घेतात ती दारू. कागदावर हा निवाडा होणार नाही, मी स्वतः येऊन पाहतो, चार शेजाऱ्यांना विचारतो. दसऱ्याच्या आधी येईन. तुम्ही व्यवस्था करा.

मी धावत घरी आलो. वैद्यबुवांना सांगितलं. मला वाटलं, ते बरण्यांची काळजी करतील. ते म्हणाले, "खोके बंद झाले तं सनाले मी लोकायच्या घरी जाऊ कसा?"

"अहो, असेच जा. बोलावतात की सगळे."

"जेवाले?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांना वाटी घेऊन दारोदार फिर म्हटलं होतं. "मी कोनाकडं जेवाले जात नाई, बाबू. माझं काम असते म्हनून जातो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं मी खोकं उचलत होतो आणि खोक्यात काय आहे ते मला कळलं नव्हतं.

मग मी कंबर कसली. अक्कांच्या ओसरीवर गल्ली जमवली आणि माझा बेत सांगितला. साहेबांना पटलं पाहिजे की हे औषध आहे, आणि औषध म्हणजे वाईट लागणारी वस्तू. तेव्हा प्रत्येकाने सांगायचं, की चव भयंकर आहे, नाइलाजाने घेतो. तोंड कसं वाकडं करायचं तेही मी करून दाखवलं. राइस मिलवाले भाऊ, ज्यांची मूल गावाला गिरणी होती आणि पोट सगळ्या गल्लीत मोठं होतं, त्यांना तोंड वाकडं करता येईना. ते हसत सुटत. अक्कांनी त्यांना चिमटा काढायचं कबूल केलं. शेवटी साहेबांनी चव मागितलीच, तर सहावी पुढे करायची. सहावी जिभेवर ठेवून कोणीही तिला दारू म्हणणार नाही. बेत पक्का होता. माझे सगळे बेत करतेवेळी पक्केच असत.

साहेब आले. ओसरीवर खुर्ची मांडली होती. वैद्यबुवा कोट, टोपी घालून खाली सतरंजीवर. साहेब बसायच्या आतच ते म्हणाले, "जीभ दाखवा."

साहेब दचकले, पण सभ्य माणूस. दाखवली.

"रात्रीची झोप नाई. चहा कमी करा."

"खरं आहे," साहेब म्हणाले. सुरुवात चांगली झाली. मग साक्षी.

अक्का उठल्या. "कडू जहर, साहेब. लेकरं तं नाव घेतलं का पलंगाखाली लपतेत."

वैद्यबुवांनी मान वर केली.

मिलवाले भाऊ उठले. अक्कांनी चिमटा काढला. "वासानंच मळमळते साहेब. डोये मिटून, नाक दाबून घेतो. माझ्या पोरीच्या लग्नात व्याह्यानं एक घोट घेतला, तं बिचारा उठूनच गेला."

वैद्यबुवांचा चेहरा लाल होत चालला होता. मी घाईघाईने पुढे झालो. "साहेब, मी स्वतः चार वर्षं घेतोय. केवळ प्रकृतीसाठी. मनाविरुद्ध. प्रत्येक घोटाला अंगावर काटा येतो."

"चूप!" वैद्यबुवा उभे राहिले. "खोटं बोलून राह्यले हे सगळे! साहेब, या भाऊच्या पोरीच्या लग्नात व्याही उठून गेला, हे खरं हाय. पन मागच्या खोलीत गेला, दुसरं खोकं शोधाले! अन् या बाईच्या लेकरानं चौथीची बाटली चाटून साफ केली. धुवाची जरूरत नाई पडली! अन् हा बाबू! हा म्हनते मनाच्या विरुद्ध! तिसरी वाटी झाली का गाना म्हनते हा! मागच्या दसऱ्याले याले दोघायनं धरून वर नेला!"

मी माझ्या चपलांकडे पाहत उभा होतो. दुसरं पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"तीस वर्सं झाले मले हे बनवता बनवता," वैद्यबुवा म्हणाले. "अन् हे म्हनते मळमळते!"

मी शेवटचा प्रयत्न म्हणून सहावी बाटली उचलली आणि चमचा भरून साहेबांपुढे धरला. वैद्यबुवांनी माझा हात बाजूला सारला. "पयल्यांदा दारात आलेल्या पाहुन्याले सहावी? लाज वाटू दे थोडी." आणि त्यांनी आत जाऊन मोहफुलांची तिसरी आणली, स्वच्छ वाटीत ओतली, आणि अक्कांना म्हणाले, "पोळी आना. पोळीबिगर ही समजत नाई."

अक्कांनी डोळे पुसत पोळी आणली. साहेबांनी घास खाल्ला, एक घोट घेतला. आणखी एक घोट घेतला. रस्त्याकडे बघत बसले, बराच वेळ.

"फार उत्तम आहे," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. "आता मी काय करू?"

पाच बाटल्या बंद झाल्या. सहावी साहेबांनी चमच्याच्या टोकावर घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती एकटी औषध ठरली. द्यायची ती आजाऱ्याला, दुखत असतानाच, चमच्याने. बरण्या परसात ओतल्या गेल्या. वैद्यबुवा सीताफळाच्या झाडापाशी पाठ करून उभे होते. मी एक बरणी उचलायला मदत केली आणि पहिल्यांदाच त्यांनी मला कान लावायला सांगितलं नाही.

दसऱ्याला पानं मांडायची वेळ झाली आणि गल्ली दाराकडे पाहत बसली. छत्री आली नाही. अक्का स्वतः बोलवायला आल्या. वैद्यबुवा दारातून म्हणाले, "माझं काय काम तिथी?" अक्कांनी विचारलं एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चौथ्यांदाही नाहीच. मिलवाल्या भाऊंनी ताट पाठवलं, ते तसंच परत आलं. पथ्यावर आहे, असा निरोप. मी वरच्या खोलीत होतो. खालून खिचडीला फोडणी बसल्याचा आवाज आला. दसऱ्याच्या दिवशी दुपारी, सगळ्या गल्लीत पुरण शिजत असताना, एका घरात खिचडीची फोडणी! मला रडू आलं. या वेळी पोटात काही नसताना आलं.

दिवाळीत पाडव्याला मी ओसरीवर बसलो होतो. वैद्यबुवा आत पाटावर, चष्मा पुसत. जेवायची वेळ झाली आणि समोरून अक्कांचा आवाज आला. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, आणि अक्कांचे पुष्कळ आवाज मी ऐकले होते.

"वैद्यभाऊ! धावा हो! आमच्या यायच्या पोटात कळ आली!"

वैद्यबुवा उठले. वैद्य तो वैद्यच. सहावी बाटली घेतली, चमचा घेतला, छत्री घेतली. मी मागोमाग. आत अक्कांचे यजमान भरल्या पानापुढे पोट धरून बसले होते.

"जीभ दाखव."

त्यांनी दाखवली. गुलाबी, स्वच्छ. वैद्यबुवांनी ती फार वेळ पाहिली. मग पानाकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं. चमचा भरला आणि दिला. तो माणूस गिळून असा बसला, की जणू भिंतीशी भांडण झालंय.

"आता जेवा. उतरन."

"अन् परत उठली तं?" अक्का म्हणाल्या. "तुमी पाहाले नको का कोनी? बसा इथी."

"मी काऊन बसू? मले काम हाय."

"पान मांडलं तुमचं."

"नाई म्हनलं न."

"बसा वैद्यभाऊ. दुखनेकऱ्याले सोडून चालले का?"

वैद्यबुवांनी छत्री भिंतीला टेकवली. "बरं. घासभर."

वड्याचा पहिला घास होतो न होतो तोच मिलवाल्या भाऊंकडून निरोप, भाऊंना उभंही राहवत नाही. तिथून पुढच्या घरी, तिथून त्याच्या पुढच्या. पाडव्याच्या त्या दुपारी आमच्या गल्लीत अशी काही साथ आली, की सांगता सोय नाही. प्रत्येकाने आपला कडू चमचा मुकाट्याने गिळला. मिलवाल्या भाऊंना तर चिमटा न काढता तोंड वाकडं करता आलं. त्यांच्या पानापाशी वैद्यबुवांनी विचारलं, "कुठी दुखते?" भाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "सगळीकडंच." त्यांनी पोळी वाढली, वैद्यबुवा दोनदा नाही म्हणाले आणि बसले.

शेवटच्या घराहून निघताना मी पुढे सटकलो. माझ्या खोलीवर मी सकाळीच शिरा करून ठेवला होता. आयुष्यातला पहिला. अर्धा करपलेला, अर्ध्यात गुठळ्या. एवढी वर्षं मी लोकांच्या पंगतीला खोक्याच्या आधाराने बसलो होतो, पण पान कधी कोणाला मांडलं नव्हतं. मी दोन पत्रावळ्या मांडल्या, शिरा वाढला आणि खाटेवर पडून कण्हू लागलो. मला वाटतं मी जरा जास्तच कण्हलो, कारण अक्का समोरून "पुरे हो बाबू!" असं ओरडल्या.

वैद्यबुवा जिना चढून वर आले. धाप लागली होती. खाटेशी वाकले.

"जीभ दाखव."

मी दाखवली.

"तुले काईच झालं नाई."

"दुखतंय, वैद्यबुवा."

"सरकारी नोकरी हाय तुही. तुले चमच्यानं काय होते?" असं म्हणून त्यांनी कोनाड्यातली वाटी उचलली, सहावी बाटली तिच्यात उलटी केली आणि माझ्या तोंडाला लावली. मी प्यालो, सगळी. अंगावर खराखुरा काटा आला. साहेबांपुढे दिलेली साक्ष निदान तेव्हा तरी खरी झाली.

बोलता येऊ लागल्यावर मी पत्रावळीकडे हात केला. "बसा ना."

मी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडून तयार होतो. जरूर पडली नाही. ते पहिल्याच शब्दाला बसले. शिरा तोंडात टाकला, चावला, खूप वेळ चावला. मी घाबरून पाहत होतो.

मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे तोंड केलं आणि जीभ बाहेर काढली.

मला काय कळणार जिभेतलं? मी तरी वाकून पाहिली, त्यांच्यासारखी, नीट.

"उत्तम आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यला," वैद्यबुवा म्हणाले, आणि पत्रावळ पुढे केली. "वाढ आनखी."